सैनिकी वेतन आणि भत्ते कसे ठरतात: पे स्लिपचा हिशेब स्वतः पडताळण्याची पद्धत

सैनिकाच्या पगाराचा हिशेब चुकतो तो बहुधा गणितामुळे नव्हे, तर क्रमामुळे. मूळ वेतन, सैनिकी सेवा वेतन (सैनिकी सेवेसाठी मूळ वेतनाखेरीज मिळणारी ठरीव रक्कम) आणि भत्ते एकत्र करून त्या बेरजेवर टक्केवारी लावली जाते, किंवा शेजारच्या युनिटमधल्या जवानाच्या खात्यात जमा झालेली रक्कम पाहून स्वतःला कमी मिळाले असे ठरवले जाते. दोन्ही रीती चुकीच्या आहेत. प्रत्येक भत्त्याचा पाया, म्हणजे ज्या रकमेवर टक्केवारी लावायची ती रक्कम, ठरलेला असतो, तो पाया कोणत्या तारखेपासून धरायचा हे एखाद्या आदेशाने ठरते, आणि तो आदेश लेखा कार्यालयापर्यंत पोहोचला नसेल तर नियम कितीही स्पष्ट असला तरी पैसे येत नाहीत. म्हणून आधी पाया, मग टक्केवारी आणि शेवटी तारीख, या क्रमानेच पुढच्या पायऱ्या मांडल्या आहेत.

ही पद्धत भारतीय सेनेतील नियमित सैनिक, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि अधिकाऱ्यांसाठी आहे. त्यांचे वेतन सातव्या केंद्रीय वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या संरक्षण दलांच्या पे मॅट्रिक्सवर चालते. नौदल आणि वायुदलाची मूळ रचना अशीच आहे. पदनामे आणि लेखा कार्यालये मात्र वेगळी आहेत.

अग्निवीरांनी खालच्या पायऱ्या स्वतःला लावू नयेत. त्यांना पे मॅट्रिक्स, महागाई भत्ता आणि सैनिकी सेवा वेतन लागू नाही. चार वर्षांसाठी दरमहा ३०,०००, ३३,०००, ३६,५०० आणि ४०,००० रुपये असे ठरीव पॅकेज असते. त्यातले ३० टक्के सेवा निधीत वळते होतात आणि तेवढीच रक्कम सरकार घालते. पहिल्या वर्षी हातात २१,००० रुपये येतात ते यामुळे. ती कपात म्हणजे चूक नव्हे. जोखीम व खडतर सेवेचे भत्ते, रेशन, गणवेश आणि प्रवास यांबाबतच्या सवलती मात्र अग्निवीरांनाही लागू होतात, त्यामुळे आठवी पायरी त्यांनी जरूर वाचावी.

## तयारी: हिशेबाला बसण्यापूर्वी

कागद समोर नसताना केलेला हिशेब हा अंदाजच असतो. पुढील गोष्टी एका फाइलीत लावून घ्या.

- लागोपाठच्या किमान तीन महिन्यांच्या पे स्लिप. बढती, बदली किंवा वेतनवाढ झाली असेल तर बदलाच्या आधीची एक आणि नंतरची एक स्लिप हवीच.
- स्वतःसंबंधीच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, किंवा निदान त्यांचे क्रमांक आणि तारखा.
- बढतीचा आदेश, वेतननिश्चितीसाठी दिलेल्या पर्यायाची प्रत, मूव्हमेंट ऑर्डर आणि नव्या युनिटमध्ये हजर झाल्याची तारीख.
- सरकारी क्वार्टर मिळाल्याची किंवा सोडल्याची तारीख दाखवणारा कागद.
- पे मॅट्रिक्सचा तक्ता आणि महागाई भत्त्याचा चालू आदेश.

पार्ट टू ऑर्डर या कागदाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. लग्न, अपत्यजन्म, बढती, रजा, बदली, फील्डमध्ये (मोहिमेच्या किंवा सीमेजवळच्या भागात) आगमन, क्वार्टरचा ताबा अशा प्रत्येक घटनेची नोंद युनिट या आदेशातून प्रसिद्ध करते आणि लेखा कार्यालय त्याच नोंदीवरून पैसे सुरू किंवा बंद करते. जवान आणि जेसीओ यांचे खाते त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या वेतन लेखा कार्यालयात, म्हणजे पीएओमध्ये असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे पीएओ बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आणि तोफखान्याचे नाशिक रोडला आहे. सेनेच्या अधिकाऱ्यांचे वेतन पुण्याच्या पीसीडीए अधिकारी कार्यालयातून निघते. या कार्यालयांना तुमच्या आयुष्यात काय घडले हे कागदाशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

तपासा: पे स्लिपवरील नाव, सेना क्रमांक, पद, लेव्हल, ट्रेड ग्रुप (कामाच्या प्रकारानुसार ठरणारा एक्स किंवा वाय गट) आणि बँक खाते बरोबर आहे ना? पद किंवा ग्रुप चुकलेला असेल तर पुढची सगळी आकडेमोड व्यर्थ आहे.

## पायरी १: आपली लेव्हल आणि खाना शोधा

पे मॅट्रिक्समध्ये प्रत्येक पदासाठी एक उभा रकाना असतो. त्याला लेव्हल म्हणतात. रकान्यात वरून खाली वाढत जाणारे आकडे असतात. तुमचे मूळ वेतन त्यांपैकी एखाद्या खान्यातला आकडा असलेच पाहिजे. दोन खान्यांच्या मधला आकडा स्लिपवर दिसत असेल, तर तिथेच चूक सापडली असे समजा.

पहिल्या खान्याचे आकडे असे आहेत: शिपाई लेव्हल ३ मध्ये २१,७००, नाईक लेव्हल ४ मध्ये २५,५००, हवालदार लेव्हल ५ मध्ये २९,२००, नायब सुभेदार लेव्हल ६ मध्ये ३५,४००, सुभेदार लेव्हल ७ मध्ये ४४,९००, सुभेदार मेजर लेव्हल ८ मध्ये ४७,६०० रुपये. अधिकाऱ्यांत लेफ्टनंट लेव्हल १० मध्ये ५६,१००, कॅप्टन १०बी मध्ये ६१,३००, मेजर ११ मध्ये ६९,४००, लेफ्टनंट कर्नल १२ए मध्ये १,२१,२००, कर्नल १३ मध्ये १,३०,६०० आणि ब्रिगेडियर १३ए मध्ये १,३९,६०० रुपयांपासून सुरू होतो.

पद आणि लेव्हल नेहमी जुळतेच असे नाही, आणि इथे बरेच जण गोंधळतात. जवानांना बढती मिळाली नाही तरी ८, १६ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर एमएसीपी योजनेखाली वरची लेव्हल मिळू शकते. आठ वर्षांनंतर एमएसीपी मिळालेला शिपाई पदाने शिपाईच राहतो, वेतन मात्र लेव्हल ४ मध्ये घेतो. पुढे तोच नाईक झाला तर त्याच लेव्हलसाठी वेतननिश्चितीचा लाभ पुन्हा मिळत नाही. बढती झाली आणि पगार तसाच राहिला, ही तक्रार करण्यापूर्वी एमएसीपीची नोंद पाहून घ्यावी.

## पायरी २: वेतनवाढीची तारीख पक्की करा

वेतनवाढ म्हणजे त्याच रकान्यात एक खाना खाली जाणे. सुमारे ३ टक्क्यांची वाढ त्या खान्यातच धरलेली असते, त्यामुळे कॅल्क्युलेटरवर ३ टक्के काढून आलेला आकडा आणि तक्त्यातला आकडा यांत थोडा फरक पडतो. तक्त्यातला आकडा प्रमाण मानायचा.

वेतनवाढीच्या तारखा दोनच आहेत, १ जानेवारी आणि १ जुलै, आणि एका व्यक्तीला वर्षात त्यांपैकी एकच तारीख लागू होते. भरती किंवा बढती २ जानेवारी ते १ जुलै या काळात झाली असेल तर पुढील वेतनवाढ १ जानेवारीला. २ जुलै ते १ जानेवारी या काळात झाली असेल तर १ जुलैला.

सावध: बढतीनंतर ही तारीख बदलू शकते. नेहमी जुलैला होणारी वाढ या जुलैला झाली नाही म्हणून लगेच अर्ज करू नका; बढतीची तारीख पाहा आणि वरचा नियम लावून बघा.

## पायरी ३: बढतीनंतरची वेतननिश्चिती

या एका पायरीवर जेवढे पैसे हातातून सुटतात तेवढे दुसरीकडे क्वचितच सुटत असतील, आणि सुटलेले सहसा परत मिळत नाहीत, कारण इथे सैनिकाला पर्याय निवडायचा असतो आणि त्याला मुदत असते.

सर्वसाधारण रीत अशी आहे: जुन्या लेव्हलमध्ये एक वेतनवाढ देतात, आणि येणारा आकडा नव्या लेव्हलमध्ये असेल तर तोच, नसेल तर त्याच्या लगतचा वरचा खाना मिळतो. ही निश्चिती बढतीच्या दिवसापासून घ्यावी, की जुन्या लेव्हलमधली पुढची वेतनवाढ येईपर्यंत थांबून त्या दिवसापासून घ्यावी, हा पर्याय तुमचा.

एक उदाहरण नीट पाहू. एका शिपायाचे मूळ वेतन लेव्हल ३ मध्ये २८,४०० रुपये आहे, त्याची वेतनवाढ १ जुलैला असते आणि १० मार्चला तो नाईक होतो.

बढतीच्या दिवसापासूनचा पर्याय घेतला, तर लेव्हल ३ मध्ये एक वाढ मिळून २९,३०० होतात. लेव्हल ४ मध्ये हा आकडा नाही. वरचा खाना २९,६०० चा आहे. म्हणजे १० मार्चपासून २९,६०० रुपये. पुढची वाढ मात्र दुसऱ्या पायरीतील नियमाने १ जानेवारीला जाते आणि तेव्हा ३०,५०० होतात.

वेतनवाढीच्या दिवसापासूनचा पर्याय घेतला, तर १० मार्चला त्याला लेव्हल ४ मध्ये २८,४०० च्या लगतचा वरचा खाना, म्हणजे २८,७०० रुपये मिळतात. १ जुलैला दोन वाढी धरल्या जातात, एक वार्षिक आणि एक बढतीची. लेव्हल ३ मध्ये २८,४०० वरून २९,३०० आणि तेथून ३०,२००. लेव्हल ४ मध्ये त्याच्या वरचा खाना ३०,५००. म्हणजे १० मार्च ते ३० जून दरमहा ९०० रुपये कमी, पण जुलै ते डिसेंबर असे सहा महिने दरमहा ९०० रुपये जास्त. या नाईकासाठी थांबणे फायद्याचे आहे.

आता फक्त बढतीची तारीख बदला आणि ती १० ऑगस्ट धरा. बढतीपासूनच्या पर्यायात ऑगस्टपासून २९,६०० आणि पुढच्या १ जुलैला ३०,५००. थांबण्याच्या पर्यायात पुढच्या ३० जूनपर्यंत २८,७०० आणि १ जुलैला तेच ३०,५००. इथे थांबणे म्हणजे दहा महिन्यांहून अधिक काळ दरमहा ९०० रुपये आणि त्यांवरचा महागाई भत्ता सोडून देणे. शेजारच्याने कोणता पर्याय घेतला यावरून आपला ठरवू नये असे मी म्हणतो ते याचसाठी. आकडे तेच असले तरी केवळ तारखेने उत्तर उलटते.

करायची कामे, याच क्रमाने:

१. बढतीचा आदेश हातात येताच दोन्ही पर्यायांचे किमान पुढच्या अठरा महिन्यांचे तक्ते कागदावर मांडा.
२. थांबण्याच्या पर्यायात त्यापुढची वेतनवाढ कोणत्या तारखेला धरली जाईल, हे लेखा कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. तुलनेचे पारडे त्या एका तारखेने फिरू शकते.
३. ठरलेल्या मुदतीत पर्याय लेखी द्या, पोच घ्या, आणि त्याची पार्ट टू ऑर्डर निघाली का ते पाहा.

तोंडी सांगितलेला पर्याय म्हणजे न दिलेला पर्याय.

## पायरी ४: सैनिकी सेवा वेतन आणि एक्स ग्रुप वेतन जोडा

मूळ वेतन निश्चित झाल्यावरच या पायरीकडे या. सैनिकी सेवा वेतन, म्हणजे एमएसपी, लेफ्टनंट ते ब्रिगेडियर या अधिकाऱ्यांना १५,५०० रुपये, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना १०,८०० रुपये, आणि जेसीओ व जवानांना ५,२०० रुपये आहे. मेजर जनरल आणि त्यावरील पदांना ते मिळत नाही.

एमएसपी कुठे धरायचे आणि कुठे नाही, हे लक्षात ठेवणे भाग आहे. महागाई भत्ता आणि निवृत्तिवेतन काढताना ते वेतनात धरतात. घरभाडे भत्ता, बदलीचे एकत्रित अनुदान आणि वार्षिक वेतनवाढ यांसाठी धरत नाहीत.

एक्स ग्रुपच्या तांत्रिक ट्रेडमधील जेसीओ आणि जवानांना याखेरीज एक्स ग्रुप वेतन असते: अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) मान्य केलेल्या पदविकेच्या समकक्ष अर्हता असणाऱ्यांना ६,२०० रुपये, इतरांना ३,६०० रुपये. पात्रतेचे प्रमाणपत्र नोंदले गेले नसेल तर ६,२०० ऐवजी ३,६०० मिळत राहतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण स्लिपवर ‘एक्स पे’ हा शब्द दिसत असतो. शब्दावर समाधान मानू नका, आकडा पाहा.

## पायरी ५: महागाई भत्ता

महागाई भत्ता वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो. औद्योगिक कामगारांसाठीच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी त्यासाठी आधार असते. १ जुलै २०२५ पासून ५८ टक्के दर लागू झाला. या लेखातील सर्व उदाहरणे त्याच दराने केली आहेत. तुमच्या स्लिपच्या महिन्याला जो दर लागू असेल तो तुम्ही घ्या.

एक हवालदार घेऊ. लेव्हल ५, मूळ वेतन ३४,९०० रुपये, वाय ग्रुप. एमएसपी ५,२०० मिळवून पाया होतो ४०,१०० रुपये. त्याचे ५८ टक्के म्हणजे २३,२५८ रुपये. एक्स ग्रुपमध्ये असता तर एक्स ग्रुप वेतनही या पायात आले असते.

दराचा आदेश बहुधा लागू तारखेनंतर दोन-तीन महिन्यांनी निघतो, म्हणून मधल्या महिन्यांचा फरक थकबाकी म्हणून येतो. थकबाकीच्या महिन्याची स्लिप हिशेबासाठी नमुना म्हणून वापरू नका. एरिअर्स मिसळल्याने त्या महिन्याचे सगळेच आकडे फुगलेले असतात.

तपासा: स्लिपवरील महागाई भत्त्याला चालू दराच्या टक्केवारीने भागा, म्हणजे इथे ०.५८ ने. उत्तर मूळ वेतन, एमएसपी आणि असल्यास एक्स ग्रुप वेतन यांच्या बेरजेइतके आले पाहिजे. न आल्यास आधीच्या चारपैकी एका पायरीत दोष आहे. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

## पायरी ६: घरभाडे भत्ता

घरभाडे भत्ता फक्त मूळ वेतनावर मोजतात. शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत; ट्रेडच्या एक्स, वाय ग्रुपशी त्यांचा संबंध नाही. सुरुवातीला दर अनुक्रमे २४, १६ आणि ८ टक्के होते. महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेल्यावर ते २७, १८, ९ झाले आणि तो ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर, १ जानेवारी २०२४ पासून, ३०, २०, १० टक्के झाले. महाराष्ट्रात बृहन्मुंबई आणि पुणे एक्स वर्गात. नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर, अमरावती, सांगली, नांदेड, मालेगाव, भिवंडी आणि वसई-विरार वाय वर्गात आहेत. यादीत नसलेले गाव झेड वर्गात जाते, मग तिथे कितीही मोठी छावणी असो. अहिल्यानगर हे त्याचे ठळक उदाहरण.

आपल्या हवालदाराला पुण्यात सरकारी क्वार्टर मिळालेले नाही आणि तो भत्त्याला पात्र आहे असे धरू. ३४,९०० चे ३० टक्के म्हणजे १०,४७० रुपये. एमएसपी धरून ४०,१०० वर ३० टक्के काढले तर १२,०३० येतात. दरमहा १,५६० रुपये कमी मिळतात ही तक्रार बहुधा या चुकीच्या पायातून जन्मते. उलट कधी लेखा कार्यालयाकडूनच जादा रक्कम गेली, तर ती पुढे वसूल होते आणि वसुली एकदम येते.

इथे तारखांकडे फार लक्ष द्यावे लागते. क्वार्टरचा ताबा घेतला त्या दिवसापासून भत्ता थांबतो आणि परवाना शुल्क, पाणी, वीज यांची कपात सुरू होते. ताब्याची पार्ट टू ऑर्डर उशिरा निघाली तर तितके महिने भत्ता चालू राहतो आणि पुढे एकरकमी वसुली निघते. घरच्यांना ती शिक्षेसारखी वाटते, पण तो पैसा मुळात आपला नव्हताच. क्वार्टर सोडताना याच्या उलट होते: रिकामे केल्याची नोंद गेली नाही तर शुल्क कापले जात राहते आणि भत्ता सुरू होत नाही.

फील्डमध्ये नेमणूक असताना कुटुंब दुसरीकडे राहत असेल आणि नियमाप्रमाणे निवडलेल्या निवासाच्या ठिकाणाचा लाभ मिळत असेल, तर दर त्या ठिकाणाच्या वर्गाने ठरतो. कुटुंब पुण्याहून गावी गेले तर ही नोंद बदलावी लागते. ती न बदलता एक्स वर्गाचा भत्ता घेत राहणे ही चुकीची माहिती देऊन घेतलेली रक्कम ठरते. तिचा परिणाम वसुलीवर थांबेल याची खात्री नाही.

## पायरी ७: वाहतूक भत्ता

ही पायरी सोपी आहे. लेव्हल ३ ते ८ साठी ठरलेल्या १९ मोठ्या शहरांत ३,६०० रुपये आणि इतरत्र १,८०० रुपये. लेव्हल ९ आणि त्यावर अनुक्रमे ७,२०० आणि ३,६०० रुपये. आणि या रकमेवर महागाई भत्ता. महाराष्ट्रातील बृहन्मुंबई, पुणे आणि नागपूर त्या १९ शहरांत आहेत. नागपूर घरभाड्यासाठी वाय वर्गात आणि वाहतुकीसाठी वरच्या यादीत आहे, तेव्हा एक यादी दुसरीच्या जागी वापरू नका. संपूर्ण कॅलेंडर महिना रजेवर किंवा कामानिमित्त बाहेर असल्यास त्या महिन्याचा भत्ता मिळत नाही.

आपल्या हवालदाराचे ३,६०० आणि त्यावर ५८ टक्के म्हणजे २,०८८, मिळून ५,६८८ रुपये. आतापर्यंतची बेरीज: ४०,१००, २३,२५८, १०,४७० आणि ५,६८८, म्हणजे कपातीपूर्वी ७९,५१६ रुपये.

## पायरी ८: जोखीम आणि खडतर सेवेचे भत्ते

फील्ड एरिया, उंच प्रदेश, बंडखोरीविरोधी मोहीम, सियाचीन, मरीन कमांडो असे भत्ते सातव्या आयोगाने जोखीम आणि खडतरपणाच्या एका तक्त्यात बसवले. प्रत्येक भत्त्याला त्या तक्त्यातील एक खाना आणि खान्यात दोन दर असतात: लेव्हल ८ पर्यंतचा आणि लेव्हल ९ पासूनचा. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या मूळ दरांत सियाचीनसाठी जेसीओ व जवानांना ३०,००० आणि अधिकाऱ्यांना ४२,५०० रुपये दरमहा होते. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतात. म्हणून २०१७ चा तक्ता समोर ठेवून आजची स्लिप तपासू नका, आणि या दरांवर महागाई भत्ताही लावू नका.

पायरी करण्याचा क्रम असा ठेवा. प्रथम तुमचे ठिकाण आदेशात कोणत्या वर्गात आहे ते पाहा; ‘आम्ही फील्डमध्ये आहोत’ या समजुतीला अर्थ नाही, कारण फील्ड, सुधारित फील्ड आणि अति-सक्रिय फील्ड यांचे दर वेगळे आहेत. दुसरे, तिथे पोहोचल्याची आणि तिथून निघाल्याची तारीख पार्ट टू ऑर्डरमध्ये बरोबर आहे का ते पाहा. तिसरे, रजा, कोर्स किंवा रुग्णालयाच्या काळात भत्ता किती दिवस चालू राहतो याची तरतूद त्याच भत्त्याच्या आदेशात वाचा. एका भत्त्याचा नियम दुसऱ्याला लावू नका. चौथे, एकाच ठिकाणी दोन भत्ते एकत्र मिळतात का, हेही गृहीत धरू नका.

सावध: फील्डमधून पीसमध्ये, म्हणजे शांततेच्या ठाण्यावर, आल्यावर पगार कमी दिसतो आणि घरी काळजी सुरू होते. त्या भत्त्याच्या भरवशावर कर्जाचे हप्ते बांधू नका. नेमणुकीबरोबर तो सुरू होतो आणि नेमणुकीबरोबरच संपतो.

## पायरी ९: मागितल्याशिवाय न येणाऱ्या आणि वर्षातून एकदा येणाऱ्या रकमा

गणवेश भत्ता वर्षातून एकदा, जुलैच्या वेतनासोबत येतो. मूळ दर अधिकाऱ्यांना २०,००० आणि जवानांना १०,००० रुपये. वरील २५ टक्क्यांच्या नियमाने ते २५,००० आणि १२,५०० होतात.

मुलांचा शिक्षण भत्ता आपोआप येत नाही. १ जानेवारी २०२४ पासून तो दर मुलामागे दरमहा २,८१२.५० रुपये आणि वसतिगृह अनुदान ८,४३७.५० रुपये कमाल, दोन मुलांपर्यंत असा आहे. शाळेच्या प्रमुखांचे प्रमाणपत्र लागते, त्यात शैक्षणिक वर्ष स्पष्ट असावे, आणि मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर आधीच निघालेली असावी. मुलाचे नाव शाळेत एक आणि सेनेच्या नोंदीत दुसरे, एवढ्यावरून दावे परत येतात. शाळेत प्रवेश घेतानाच नोंदीतले स्पेलिंग तपासून तेच लिहावे.

## पायरी १०: कपाती वाचा

कपात म्हणजे तोटा नव्हे. त्यातला मोठा भाग तुमचीच बचत असतो. जवानांचा एएफपीपी फंड आणि अधिकाऱ्यांचा डीएसओपी फंड भविष्य निर्वाह निधी आहेत. ग्रुप इन्शुरन्स विमा आहे. नियमित सैनिकांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू नाही, त्यामुळे तिची कपात स्लिपवर नसणे बरोबरच आहे.

प्राप्तिकराकडे दुर्लक्ष करू नका. घरभाडे भत्त्याची सूट आणि फील्ड, उंच प्रदेश यांसारख्या भत्त्यांवरील मर्यादित सूट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. कोणती प्रणाली निवडली हे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच कळवा. न कळवल्यास नवी प्रणाली धरून कर कापला जातो आणि परतावा मिळवण्यासाठी विवरणपत्रापर्यंत थांबावे लागते.

तपासा: स्लिपमध्ये ‘डेबिट बॅलन्स’ दिसतो का? याचा अर्थ खात्यावर वसुली बाकी आहे. ती कोणत्या महिन्यातल्या, कोणत्या नोंदीमुळे निघाली, हे खात्याच्या विवरणपत्रात शोधा.

## पायरी ११: फरक सापडला तर

आधी स्वतःचा हिशेब दुसऱ्यांदा करा. मग फरक एका वाक्यात लिहा: कोणता भत्ता, कोणत्या तारखेपासून, किती मिळायला हवा होता, किती मिळाला, कोणत्या आदेशाने. ‘माझा पगार कमी आहे’ या अर्जाला उत्तर देणे कोणत्याही क्लार्कला अशक्य असते.

नंतर युनिटच्या कार्यालयात जाऊन संबंधित पार्ट टू ऑर्डर निघाली आहे का, आणि निघाली असेल तर लेखा कार्यालयाने ती स्वीकारली की परत पाठवली, ते विचारा. परत आलेली ऑर्डर हे रखडलेल्या पैशाचे नेहमीचे कारण असते: तारीख जुळत नाही, क्रमांकात चूक आहे किंवा सोबतचे प्रमाणपत्र नाही. ती दुरुस्त करून पुन्हा पाठवणे युनिटचे काम आहे. पण मागे लागणे तुमचे. ऑर्डर स्वीकारलेली असूनही रक्कम आली नसेल, तेव्हाच युनिटमार्फत लेखा कार्यालयाला लिहा.

घरच्यांनी थेट पीएओला फोन करून वेळ घालवू नये. खातेदाराच्या माहितीशिवाय आणि युनिटच्या कागदाशिवाय तिथे काही हलत नाही. स्लिपची प्रत समाजमाध्यमांवर टाकून सल्ला मागणे तर टाळाच, कारण तिच्यावर सेना क्रमांक, युनिट आणि बँक खाते असते.

आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली असून अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. फिरत असलेल्या गुणकांवर (जुने मूळ वेतन ज्या आकड्याने गुणून नवे काढतात त्यावर) आतापासून हिशेब मांडू नका. शिफारशी मंत्रिमंडळ स्वीकारते, मग वेतन नियम अधिसूचित होतात आणि त्यानंतरच नव्या लेव्हलमध्ये वेतननिश्चिती होते. त्या वेळी जुन्या खान्यातील मूळ वेतनच गुणले जाईल. म्हणून एखादी बढती, एमएसीपी किंवा वेतनवाढ नोंदायची राहिली असेल, तर ती दुरुस्ती आता करून घ्या.